डायनामो काढून ऑल्टरनेटर : जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरची चार्जिंग सुधारताना

जुलैमधली संध्याकाळ, पाऊस धरलेला, आणि तुमची जुनी फियाट पुण्यात स्वारगेटच्या चौकात गर्दीत अडकलेली. हेडलाइट चालू, वायपर चालू, ब्रेकवर पाय असल्यामुळे मागचे दोन दिवेही चालू, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता मंद वेगात. या वेगाला डायनामो, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, जवळपास काहीच देत नाही. हा त्याचा बिघाड नाही, त्याची बनावटच तशी आहे. इंजिन हजार आरपीएमच्या पुढे गेल्याशिवाय त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या वर चढत नाही आणि तोपर्यंत कटआऊट, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणारा स्विच, जोडला जात नाही. सिग्नल सुटेपर्यंत सगळा भार एकट्या बॅटरीवर असतो. साठच्या दशकात हे खपून जायचं, कारण गाडी थांबायचीच कमी. आता विद्यापीठ चौकापासून सिंहगड रोडपर्यंत अर्धा वेळ गाडी उभीच असते. घरी पोचेपर्यंत वायपर रेंगाळतात, दिवे पिवळे पडतात आणि सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘कट’ आवाज येतो.

त्यामुळे ज्यांना गाडी चालवायची आहे, नुसती झाकून ठेवायची नाही, त्यांनी ऑल्टरनेटर, म्हणजे मंद वेगातही वीज देणारा डायनामोचा नवा अवतार, बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण ऑल्टरनेटर हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा ऐकू येतं ते वेगळंच : “साहेब, मारुतीचा ऑल्टरनेटर टाकून देतो, दोन तासांचं काम.” दोन तासांत ऑल्टरनेटर बसतो, हे खरं. त्याच्यामागची पन्नास-साठ वर्षांची वायर मात्र तशीच राहते आणि तिच्यातून दुप्पट करंट जायला लागतो. डॅशबोर्डमागून जळका वास येतो तो इथून.

आधी दोष कुठे आहे ते बघा

चार्जिंग होत नाही म्हणजे डायनामोच गेला, असं धरून चालू नका. कार्बन ब्रश झिजलेले असतात, पट्टा सैल असतो किंवा व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट खराब झालेले असतात. रेग्युलेटरचं झाकण उघडून टॉर्चने नीट बघा. बारीक पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा दिसतो, स्प्रिंगच्या टोकाशी हिरवट बुरशीसारखा थर असतो आणि खालच्या स्क्रूभोवती वायरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं असतं. ही कडक झालेली वायर लक्षात ठेवा. पुढचं निम्मं काम तिचंच आहे.

ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनामोची परीक्षा सोपी आहे. डायनामोवरच्या डी (वीज बाहेर देणारी) आणि एफ (फील्डची) या दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल एका छोट्या वायरने जोडा आणि मल्टीमीटरची एक पिन तिथे, दुसरी बॉडीला लावा. इंजिन सुरू करून हळूहळू रेस द्या. व्होल्टेज सरळ, न अडखळता चढलं की डायनामो ठीक आहे. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि जास्त वेळ चालवू नका. डायनामो इथे पास झाला तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. अशा वेळी गाडी फक्त रविवारी सकाळी फिरवणाऱ्याने डायनामोला नवे ब्रश आणि बेअरिंग घालून, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करून तोच ठेवावा. ते काम स्वस्तात होतं आणि गाडी मूळ स्वरूपात राहते.

भाराचा हिशोब कागदावर मांडा

ल्युकासचा सी४० डायनामो कमाल २२ अँपिअर देतो, तेही चांगल्या वेगात. आता तुमच्या गाडीचा भार मोजा. वॅटला १३ ने भागलं की अँपिअरचा अंदाज येतो. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेआठ. टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचे बल्ब मिळून दोन. इग्निशन कॉइल साडेतीन. वायपर तीन ते चार. ब्रेकलाइट तीन. इंडिकेटर लुकलुकतो म्हणून सरासरी दीड. फोनचा चार्जर दोन. एवढ्यातच आकडा २४ वर गेला. त्यात कोणी काचेवर हवा मारणारा छोटा पंखा आणि म्युझिक सिस्टिम लावलेली असेल तर ३१.

या आकड्यात एक तृतीयांश वाढवा, कारण बॅटरी भरायलाही करंट लागतो. उत्तर ४० च्या आसपास येतं. म्हणजे ३५ ते ४५ अँपिअरचा ऑल्टरनेटर तुमच्या गाडीला पुरून उरतो. ७० किंवा ९० चा घेऊ नका. एकेरी व्ही-पट्ट्याला तेवढा भार ओढवत नाही, तो घसरतो, किंचाळतो आणि लोक पट्टा आणखी ताणतात. त्या ताणाने पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. ४५ अँपिअर पूर्ण भाराने देताना ऑल्टरनेटर इंजिनकडून सुमारे दीड हॉर्सपॉवर घेतो. फियाटच्या १०८९ सीसी इंजिनाला तेवढं पुष्कळ झालं.

अर्थ कोणत्या टोकाचा?

ही पायरी चुकली तर नवा ऑल्टरनेटर एका क्षणात निकामी होतो. फियाट आणि पद्मिनी निगेटिव्ह अर्थच्या आहेत. जुन्या ब्रिटिश गाड्या आणि सुरुवातीच्या काही ॲम्बेसेडर पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. मधल्या काळात कोणी बदललेलंही असू शकतं, म्हणून पुस्तकावर विसंबू नका. बॅटरीवरचं चिन्ह आणि बॉडीला गेलेली केबल डोळ्यांनी बघा.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर आधी ती निगेटिव्ह करावी लागेल. बॅटरी जागच्या जागी फिरवून तिची टोकं उलटी जोडायची, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करायच्या, करंट दाखवणारा ॲमीटर असेल तर त्याच्याही करायच्या. नंतर कोणी बसवलेला रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू असेल तर ती आधीच काढून ठेवा. दिवे आणि हॉर्न यांना काही फरक पडत नाही. बॅटरी फिरवल्यावर तिची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टोकं मल्टीमीटरने पुन्हा तपासा. ऑल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, उलटी जोडणी क्षणभरही सहन करत नाहीत.

ऑल्टरनेटर घेताना

रेग्युलेटर आत बसवलेला ऑल्टरनेटर घ्या. बाहेरचा वेगळा रेग्युलेटर म्हणजे जुन्या दुखण्याला पुन्हा आमंत्रण. नाना पेठेत नवे आणि रिकंडिशन केलेले दोन्ही मिळतात. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेलेही दिसतात, पण तिथून घेतलेला तपासल्याशिवाय गाडीला लावू नका. प्लेटवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. पुली हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग बदलावं लागेल. मागचं झाकण उघडून रोटरवरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागावरच्या, दोन्ही स्लिपरिंगमधला (धातूच्या कड्यांमधला) रेझिस्टन्स मोजा, तो ३ ते ४ ओहमच्या आसपास हवा. स्लिपरिंग आणि रोटरच्या लोखंडामध्ये मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. दुकानदाराकडे टेस्ट बेंच असेल तर समोर चालवून दाखवायला सांगा, आणि त्यावर भार टाकायला लावा. नुसते १४ व्होल्ट दिसून काही कळत नाही.

पुली आणि ब्रॅकेट

पुलीचं गणित साधं आहे. क्रँकची पुली १३० मिलिमीटर आणि ऑल्टरनेटरची ६५ असेल तर ऑल्टरनेटर दुप्पट वेगाने फिरतो. आयडलला इंजिन ७५० वर असताना तो १५०० वर असतो. एवढ्यात चार्जिंग सुरू होतं, आणि आपल्याला हवं होतं ते हेच. डायनामोची जुनी मोठी पुली ऑल्टरनेटरवर चढवली तर हा सगळा फायदा जातो. दुसऱ्या टोकाला, इंजिन ५००० वर नेलं तरी ऑल्टरनेटर १०,००० वर राहतो, तो वेग त्याला झेपतो. आधुनिक ऑल्टरनेटरवर बारीक खाचांची पॉली-व्ही पुली असते, ती काढून जुन्या पट्ट्याच्या रुंदीची व्ही-खाच असलेली पुली बसवा. तशी मिळाली नाही तर भोसरीत लेथवाले करून देतात. सोबत जुना पट्टा घेऊन जा, खाचेचा कोन त्यावरून काढता येतो.

ब्रॅकेटसाठी माझा एकच आग्रह आहे. इंजिनला, बॉडीला, मूळ पट्टीला एकही नवं भोक पाडू नका. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचा वेगळा ब्रॅकेट करा, तो डायनामोच्याच मूळ बोल्टवर बसू द्या. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीवर लावून बघा, मगच पोलाद कापायला द्या.

सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे पुलींची रांग. क्रँकच्या पुलीवर एक सरळ पट्टी टेकवा आणि तिचं दुसरं टोक ऑल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. पट्टीची कड दोन्ही पुलींना सपाट लागली पाहिजे. पुलींच्या कडा कमीजास्त जाड असतील तर खाचेच्या मध्यापासून मोजा. दीड-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर पिव्होट बोल्टवर शिम (पातळ चकती) किंवा वॉशर घालून काढा. फरक राहिला तर पट्टा एका बाजूने काळी भुकटी टाकायला लागतो. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठा दाबला की १० ते १२ मिलिमीटर दबावा, एवढाच ताण ठेवा. ऑल्टरनेटरचं ॲल्युमिनियमचं अंग एक्झॉस्टच्या जवळ येत असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

वायर : इथे घाई नको

आता मुख्य काम. सुरुवातीलाच बॅटरीची अर्थ केबल काढून बाजूला ठेवा.

ऑल्टरनेटरच्या बी प्लस (करंट बाहेर पडतो त्या) टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत नवी, स्वतंत्र तांब्याची वायर टाका. जाडी किती? दोन मीटर वायरीतून ४५ अँपिअर गेले तर अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.६ व्होल्टहून अधिक वाया जातात आणि वायर तापते. सहाच्या वायरीत ०.२६ जातात. दहाच्या वायरीत ०.१६. म्हणून दहा स्क्वेअर एमएम घ्या. घराच्या वायरिंगची नको, तेल आणि उष्णता सोसणारी ऑटोची लवचीक वायर घ्या. टिनचा मुलामा असलेले तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्या) बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. लग पकडीने चेपून चालणार नाही, योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. दाबल्यावर ओढून बघा, जरासाही हलला तर कापून पुन्हा करा. वर हीट-श्रिंक नळी चढवा.

या वायरीत ६० अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज घाला, आणि तो बॅटरीच्या टोकाजवळ ठेवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मोठा करंट बॅटरीकडून येतो. फ्यूज ऑल्टरनेटरजवळ असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. वायर नेताना स्टिअरिंग कॉलम, गरम मॅनिफोल्ड आणि पट्टा यांपासून लांब ठेवा. पत्र्यातल्या भोकातून जात असेल तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

परतीचा रस्ता, म्हणजे अर्थ, तेवढाच महत्त्वाचा आहे आणि तिकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी नसेल तर सगळा करंट ॲक्सिलेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधून जातो. चोकची केबल तापत असेल किंवा सेल्फ मारताना मंद वाटत असेल तर ही पट्टी तपासा. नवी विणलेली तांब्याची पट्टी लावा. जिथे बसणार तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा, घट्ट बोल्ट करा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली नको. ऑल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनलाही एक छोटी अर्थ वायर द्या, कारण रंगवलेल्या ब्रॅकेटमधून करंट नीट जात नाही.

जुन्या कंट्रोल बॉक्सचं काय करायचं

काहीही सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा. ल्युकासच्या जुन्या कंट्रोल बॉक्सवर, म्हणजे रेग्युलेटर आणि कटआऊट एकत्र असलेल्या डब्यावर, ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरं असतात. फियाटच्या रेग्युलेटरवर आकडे असतात : ५१ डायनामोकडचा, ६७ फील्डचा, ३० बॅटरीकडचा.

ल्युकासमध्ये ए वर बॅटरीकडून आलेली वायर असते आणि ए१ वरून इग्निशन व दिव्यांकडे पुरवठा जातो. बॉक्स काढला की या दोघी एकमेकींना जोडाव्या लागतात, नाहीतर गाडीच सुरू होणार नाही. डी वर दोन वायरी असतात. जाड वायर डायनामोकडून आलेली, बारीक वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची. बारीक वायर ऑल्टरनेटरच्या इंडिकेटर टर्मिनलला न्या. कुठे त्यावर आयएनडी लिहिलेलं असतं, कुठे एल किंवा डी प्लस. डायनामोची जाड वायर आणि एफ ची फील्ड वायर दोन्ही टोकांना इन्सुलेट करून बांधून ठेवा, कापू नका. बॉक्स दिसायला हवा असेल तर आतलं सगळं सोडवून त्याचं कवच ए आणि ए१ च्या जोडणीसाठी वापरता येतं. फियाटमध्ये लाल दिव्याची वायर ५१ वरून निघते, बाकी तत्त्व तेच.

त्या लाल दिव्याचा बल्ब साधा २ ते ३ वॅटचाच ठेवा. त्यातून जाणारा करंट ऑल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीची चुंबकशक्ती देतो. तिथे एलईडी लावला किंवा बल्ब गेलेला असला तर गाडी सुरू होते, पण खूप रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, आणि माणूस चांगला ऑल्टरनेटर परत करायला दुकानात जातो. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर योग्य वॅटेजचा रेझिस्टर जोडा.

ॲमीटर असलेल्या गाड्यांत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. मूळ रचनेत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येऊन ॲमीटरमधून परत जातो. ३० अँपिअरच्या काट्यातून ४५ अँपिअर नेणं धोक्याचं आहे. वर सांगितल्याप्रमाणे बी प्लसची वायर थेट बॅटरीला नेली तर ॲमीटर फक्त दिव्यांचा आणि इग्निशनचा खर्च दाखवेल, काटा कायम डिस्चार्जकडे असेल. ते चालवून घ्या, आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर लावा. बॅटरीची तब्येत व्होल्टमीटरवरूनच जास्त चांगली कळते.

पहिला स्टार्ट आणि मोजमाप

बॅटरी आधी बाहेर चार्जरवर पूर्ण भरा. उतरलेली बॅटरी भरायला ऑल्टरनेटरला लावणं म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी तापवणं. भरलेली बॅटरी काही तास शांत ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते.

चावी फिरवली की लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. आयडलला सगळं बंद असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापल्यावर आकडा थोडा खाली येतो, ते ठीक आहे. १४.८ च्या वर गेला तर इंजिन बंद करा, रेग्युलेटर सदोष आहे. मग हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू करा आणि आयडलवरच पुन्हा मोजा. १३ च्या वर टिकलं म्हणजे स्वारगेटचा सिग्नल पार झाला.

आता खरी चाचणी. सगळे दिवे चालू, इंजिन २००० वर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन ऑल्टरनेटरच्या बी प्लसवर आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर लावा. ०.३ च्या आत यायला हवं. मग ऑल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत मोजा, ०.२ च्या आत हवं. जास्त आलं तर एकेक जोड ओलांडत पुढे मोजत जा. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारतो तो उघडून घासा. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा डायोड गेलेला आहे.

चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून “बघा, चालतंय की नाही” असं दाखवणारे इलेक्ट्रिशियन अजून भेटतात. डायनामोच्या काळात ते खपायचं. ऑल्टरनेटरवर असं करू देऊ नका, व्होल्टेजच्या उसळीने डायोड आणि रेग्युलेटर जळतात.

हेडलाइटना रिले

एवढं केल्यावर हे काम सोडू नका. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो आणि वाटेत एखादा व्होल्ट सहज गळतो. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. अप्पर आणि डिपरला एकेक रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा, त्यांना फ्यूजसकट थेट पुरवठा द्या, जुना स्विच फक्त रिले चालवेल. त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बने वरंध घाटात रस्त्याची कड दिसायला लागते. १०० वॅटचे बल्ब घालायची गरज उरत नाही, समोरच्याच्या डोळ्यांना त्रास होत नाही आणि रिफ्लेक्टरही जळत नाही.

मूळ सुटे भाग आणि आरटीओ

जुलै २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. आज नाही तरी पुढे कधी तुम्हाला किंवा तुमच्यानंतरच्या मालकाला ही नोंदणी हवीशी वाटेल. म्हणून नवी भोकं नकोत आणि जुनी वायर कापायची नाही, हा आग्रह. डायनामो पुसून, बेअरिंगला तेल देऊन, रेग्युलेटर, पुली आणि बोल्टसकट एका डब्यात ठेवा. त्यात नव्या वायरिंगची हाताने काढलेली आकृती ठेवा, आणि तिची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत.

नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणला जातो. साधारण दोनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा, ब्रॅकेटचे बोल्ट पान्याने एकदा घट्ट करा आणि गाडी थोडी चालवून आणल्यावर बी प्लसच्या लगला हात लावून बघा. शेजारच्या धातूपेक्षा तो जास्त गरम लागला तर तो जोड सैल आहे, पुन्हा क्रिम्प करून घ्या.